पहिल्या हाकेची ओ

१

श्वेताला कधी दुसरी हाक मारावी लागत नसे. पहिल्या हाकेला ‘ओ’ आणि त्यामागोमाग ती स्वतः, ही तिच्या बाबांची, इंद्रजीत गुरुजींची शिस्त. गावातली बाकीची माणसं भरदुपारी बाहेरून आपलं नाव ऐकलं की गप्प बसायची आणि तिसऱ्या हाकेची वाट बघायची. पहिल्या दोन हाका माणसाच्याच असतील असं नाही म्हणे. बाबा अशा वेळी मुद्दाम ओट्यावर येऊन खणखणीत ओ द्यायचे. “पाणी मागायला आलेलं माणूस दारात तिष्ठत ठेवायचं का?” असं वर विचारायचे. बाबा गेले, पण घरातली ओ राहिली.

म्हणूनच सदानंदसरांच्या प्रोग्रॅममधली ती ओळ वाचली आणि श्वेताच्या डोक्यात तिडीक गेली.

शहापूरजवळ, शेणव्याच्या रस्त्याला, बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागच्या गोदामात त्यांची कंट्रोल रूम होती. वर पत्रा, आत प्लायवूडच्या भिंती घालून केलेली एसीची खोली, तिला दुधी काचेचं दार. खोलीत एका रॅकवर कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवले होते. त्या सगळ्यांना मिळून क्लस्टर म्हणायचं. तिकडे मुरबाडच्या बाजूला, डोंगरातल्या एका लहानशा धरणाखाली, नदीकाठच्या गावांत खांबांवर भोंगे बसवलेले. धरणाचे दरवाजे उघडायचे झाले की क्लस्टर रेडिओवरून प्रत्येक भोंग्याला हाक मारणार, भोंगा ‘ऐकलं’ म्हणून एक बारीक ‘टुंक’ करणार आणि मग ठणाणा करून माणसांना नदीतून वर काढणार. हाक आणि ओ हे शब्द सदानंदसरांचेच. यंत्रणा उभी राहिली तेव्हापासून तेच तिथे होते, आणि आता निवृत्तीला टेकले होते.

श्वेता ठेकेदार कंपनीची नवी इंजिनीयर. हाक मारल्यापासून ओ येईपर्यंत किती वेळ जातो ते पावसाआधी मोजायचं, हे तिचं काम. त्या वेळेला लेटन्सी म्हणतात. वेळ फार जात होता. का जातो ते बघायला तिनं, भोंग्यांना ऐकू आलेल्या हाकेला कधी ओ द्यायची हे क्लस्टरवरून ठरवणारा प्रोग्रॅम उघडला, आणि त्यात सरळ लिहिलेलं होतं: पहिली हाक सोडून दे, थांब. दुसरी सोडून दे, थांब. तिसरीला ओ दे.

का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, असं तिला वाटलं. यंत्राला भुताची भीती शिकवून ठेवली होती!

२

“सर, हे काय आहे?”

सदानंदसरांनी चहाचा कप न सोडता स्क्रीनकडे पाहिलं. “रेडिओवर खरखर असते. हाक नसताना भोंग्याला हाक ऐकू येते. तीनदा आली म्हणजे खात्री.”

“खात्रीला प्रत्येक हाकेसोबत खुणेचा नंबर पाठवायचा. ज्या ‘ओ’वर तो नंबर नाही ती खोटी. सेकंड इयरच्या पोरांना येतं हे.”

“असू दे. चाललंय ना?”

“चाललंय?” श्वेताचा आवाज चढला. “मागच्या श्रावणात माझ्या गावात काय झालं ते माहीत आहे ना तुम्हाला?”

माहीत होतं. टोकावड्याच्या अलीकडे, नदीच्या वळणावर तिचं गाव. बायका खडकावर धुणं धूत होत्या. आधी पाणी आलं, मग भोंगा वाजला. शेजारची सुंदरामावशी गेली. श्वेताची आई, रत्नप्रभा, त्याच खडकावर होती आणि वाचली. त्यासाठीच पुण्याची नोकरी सोडून श्वेता इथं आली होती. गावच्या नळाला अजून धड पाणी नाही, आई अजून त्याच खडकावर जाते, आणि पाऊस पुन्हा तोंडावर आला होता.

“तुमच्या त्या दोन हाका फुकट गेल्या नसत्या तर मावशी आज जिवंत असती.”

सदानंदसरांनी कप खाली ठेवला. “तू हुतीस तिथं?”

“आई होती.”

“आईला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? ती कशीबशी वाचली! सर, मला ही फाइल बदलायची परवानगी द्या.”

“नाय.”

“कारण?”

“नाय म्हणजे नाय, बाय. तू वेळ मोज, आकडे दे, घरी जा. त्या ओळीला हात लावू नको.”

हे ‘हात लावू नको’ श्वेता जन्मभर ऐकत आली होती. कारण मात्र कधी कोणी दिलं नव्हतं. विचारणाराच आगाऊ ठरायचा.

३

दोन दिवस ती भिंतीवर डोकं आपटावं तशी त्या क्लस्टरवर आपटत राहिली. काही लिहायला गेलं की लाल अक्षरांत एकच उत्तर: परमिशन डिनाइड. ते वाचताना तिला सदानंदसरांचाच आवाज ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी वाट सापडली, आणि ती इतकी सोपी होती की तिला स्वतःचाच राग आला. प्रत्येक भोंग्याचा प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये चालायचा. ऑफिसात त्याला डबाच म्हणत. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सगळी सामग्री एका डब्यात बंद, डबा उचलून कुठेही ठेवावा. जुने डबे ज्या फोल्डरात लिहीत त्याची मालकी सदानंदसरांच्या नावावर होती, म्हणून श्वेताचे डबे तिथून हाकलले जात. मग तिनं स्वतःच्या नावाचं वेगळं फोल्डर केलं, डबे स्वतःच्याच नावानं चालवले, आणि भोंग्यांच्या हाका त्या डब्यांकडे वळवल्या. आत तीच मालक, बाहेर तीच मालक. परवानगी मागायची कोणाकडे?

ओ देणारा प्रोग्रॅम तिनं नव्या डब्यांत उतरवला आणि ती ओळ खोडली. चाचणी अर्ध्यात पडू नये म्हणून क्लस्टरला बजावून ठेवलं की एखादा डबा बंद पडला तर कोणाला न विचारता लगेच उभा कर. वीज गेली तरी सगळं चालू राहावं म्हणून मोठा यूपीएस तिनं आधीच भांडून मागवला होता.

चाचणी सुरू केली. एकही लाल अक्षर नाही. हाक जायची आणि पापणी लवायच्या आत ओ. टेबलावर नमुन्याचा एक भोंगा ठेवलेला असे, यादीत शेवटचा. तोही तत्परतेनं टुंक, टुंक करत होता. श्वेता एकटीच हसली आणि तिनं आईला फोन लावला.

“आई, आता भोंगा पहिल्या हाकेला ओ देतो. अगदी बाबांसारखा!”

“पहिल्या?” आई म्हणाली.

“मग! तुझ्या लेकीनं केलं.”

पलीकडे भांड्यावरचं झाकण वाजलं. मग आई म्हणाली, “बरं. भात लावलाय गो, उतू जाईल. ठेवते.”

४

दुसऱ्या दिवशी श्वेता आकडे बघायला बसली. स्क्रीनवर भोंग्यांची नावं धरणापासून खाली, नदीच्या क्रमानं होती, प्रत्येकापुढे किती हाका गेल्या आणि किती ओ आल्या. सगळीकडे हिशेब जुळत होता. फक्त सगळ्यात वरच्या, धरणाच्या पायथ्याच्या भोंग्यापुढे एक ओ जास्त होती.

एकच ओ दोनदा नोंदली गेली असेल. होतं असं. तिनं चाचणी नव्यानं लावली. दुपारी पाहिलं तर धरणाखालचा भोंगा शहाण्यासारखा जुळला होता, आणि त्याच्या खालच्या गावचा भोंगा एकानं पुढे होता.

आता ती नीट बसली. प्रत्येक हाकेला तिनं खुणेचा नंबर दिला होता, आणि ओ देताना भोंगा तो नंबर परत सांगायचा. ही जास्तीची ओ दोनदा नोंदली गेली असती तर तिच्यावर कोणता तरी जुना नंबर असता. नव्हता. नंबराची जागा कोरी होती. म्हणजे भोंग्यानं ओ दिली होती, पण तिच्या हाकेला नाही.

एसी घरघरत होता. बाहेर पत्रा उन्हानं तडतडत होता. अशी ओ टाकून द्यायची, हे सदानंदसरांना तिनंच ऐकवलं होतं. टाकून देता आली असती. पण ओ टाकली तरी ती दिली गेलीच होती.

कोणी तरी दुसरा रेडिओ वापरत असेल. एखाद्या ट्रकचा, वनखात्याचा. की हे सरांचं काम? पोरीला घाबरवायचं, म्हणजे ती जुनं परत बसवील. तो विचार येताच तिला बरं वाटलं. भीतीपेक्षा संताप तिच्या सवयीचा होता.

५

“सर, हा पोरखेळ तुम्ही करताय का?”

सदानंदसर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तोवर तिसऱ्या गावचा भोंगाही एकानं पुढे गेला होता. त्यांनी नावांवरून बोट खाली खाली नेलं, आणि शेवटच्या नावावर, टेबलावरच्या नमुन्याच्या भोंग्यावर आणून थांबवलं. नखाखालचं रक्त उतरलं होतं.

“बंद कर,” ते म्हणाले.

“कारण सांगा, बंद करते.”

त्यांनी तिला बाजूला सारून स्वतः की-बोर्ड ओढला आणि डबे बंद करायची आज्ञा दिली. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: परमिशन डिनाइड. डबे श्वेताच्या नावाचे होते. तिला एक क्षणभर, खोटं कशाला सांगा, फार आनंद झाला.

“पहिल्यांदा भोंगे बसवले तेव्हा पहिल्याच हाकेला ओ हुती,” सदानंदसर तिच्याकडे न बघता म्हणाले.

“मग?”

“मग मी बदललं.”

“का बदललंत?” त्यांनी की-बोर्ड परत तिच्याकडे सारला. “सर, एक ओळ लिहून ठेवायची होती! की बाबांनो, असं असं झालं, म्हणून असं केलं.”

“आणि वरच्यांनी विचारलं असतं तर काय सांगायचं? हसले असते.”

“मग हसू द्यायचं होतं! आता मी विचारतेय, मी हसत नाहीये. सांगा.”

वाटलं, सांगतात. पण त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि बाइकची चावी शोधायला लागले. दुधी काचेचं दार उघडून ते उंबऱ्यात थांबले.

“तू पहिल्या हाकेलाच ओ देतेस. बघतो मी रोज.”

“देते. त्यात लाज कसली?”

“आज देऊ नको गो.”

बाइक शहापूरच्या दिशेनं गेली. श्वेतानं दोनदा फोन लावला, स्विच ऑफ. तिला भीतीपेक्षा किळस आली. आयुष्यभर तोंड बंद ठेवायचं, आणि वेळ आली की टोपी घालून निघायचं.

६

चौथा भोंगा तिच्या गावचा होता.

श्वेतानं त्याच्यापुढचा आकडा एकानं सरकताना पाहिला, आणि थोड्याच वेळात टेबलावर फोन वाजला. आई.

“कामात हायेस?” आईचा आवाज ओळखू येईना. घसा पार बसलेला, नुसती हवा येत होती.

“आई, घशाला काय झालं?”

“काय नाय. मघाधरनं बसलाय.” ती थांबली. “श्वेता, तुमी लोकांनी भोंग्यात बायांचा आवाज घातलाय का गो?”

“नाही. का?”

“खडकावर हुते. धुणं पिळत. खांबाकडनं हाक आली, ‘रत्नाऽऽ’ करून. शेवट वर नेऊन. सुंदरा मारायची ना, तशीच.”

श्वेताची बोटं की-बोर्डावरच राहिली. “मग?”

“मग काय? सवय. ओ दिली. इकडं माझी ओ, तिकडं खांबाचं टुंक. वर बघितलं तर कोण नाय. घरी आले, तुला फोन करायला गेले तर हा आवाज.”

रेडिओची खरखर, श्वेता मनात म्हणाली. सरांनीच सांगितलं होतं. खरखरीत माणसाला काहीही ऐकू येतं, आणि मावशी तर आईच्या मनातच बसलेली. उन्हात घसा बसतोच. एक एक गोष्ट तिनं खुंटीला टांगल्यासारखी कारणाला टांगली. तरी आई बोलायची थांबली नाही.

“तुला एक सांगायचं राहिलंय. मागल्या वर्षी भोंगा उशिरा वाजला, ते खरं. पण आमी समद्या वर चढलो हुतो. सुंदरा माझ्या पुढं. पाणी खाली राहिलं हुतं गो. मग ती थांबली. मागं वळून ‘ओ, आले’ म्हणाली, आणि परत उतरली.”

“कोणी हाक मारली होती तिला?”

“आमी कोणीच नाय.”

श्वेता उठून उभी राहिली. “आई! वर्ष झालं! मी त्या माणसाला मावशीचा खुनी ठरवलं. ती ओळ मी त्यापायी खोडली! आणि तू आज सांगतेस?”

“तुझे बाबा असते तर मला वेड्यात काढलं असतं,” आई त्या फाटक्या आवाजात म्हणाली. “तू पण काढलं असतंस.”

काढलं असतं. खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

७

फोन स्पीकरवर टाकून तिनं पहिला डबा बंद केला. क्लस्टरनं तो लगेच पुन्हा उभा केला. दुसरा बंद केला, तोही उभा. तिनंच बजावलं होतं तसं, कोणाला न विचारता. बरं, मग ती खोडलेली ओळच परत लिहावी, म्हणून तिनं स्वतःचं फोल्डर उघडायला घेतलं.

परमिशन डिनाइड.

तिनं मालकाचं नाव पाहिलं. तिथं तिचं नाव नव्हतं. सदानंदसरांचंही नव्हतं. जागा कोरी होती, त्या जास्तीच्या ‘ओ’च्या नंबरासारखी.

यादीत पाचवा भोंगा एकानं पुढे गेला. मग त्याच्या खालचा. आता दोन भोंग्यांच्या मध्ये अर्धा दिवस जात नव्हता. कोणी तरी वाट ओळखीची झाल्यासारखं भराभर येत होतं. नदीकाठचा शेवटचा भोंगा गेला. त्याच्या खाली एकच नाव उरलं, आणि तो भोंगा तिच्या कोपरापाशी टेबलावर होता.

तिनं भिंतीवरचा मेन स्विच पाडला. दिवे गेले, एसी बसला. यूपीएसनं टिक केलं आणि रॅकचे पंखे तसेच फिरत राहिले. भांडून मागवलेला यूपीएस! त्याचं बटण रॅकच्या मागे, भिंतीला लागून होतं. फोन हातात धरून श्वेता गुडघ्यांवर आत शिरली, वायरींच्या जंजाळात हात घालून चाचपू लागली.

“श्वेताऽऽ”

दाराबाहेरून. मोकळ्या, भरल्या गळ्यानं. श्वेता शाळेतून येताना आई ओट्यावरून मारायची तशी.

श्वेताची छाती आपोआप भरली. ओठ गोल झाले. जन्माची सवय होती ती, तिला विचार लागत नव्हता. तेवढ्यात हातातल्या फोनमधून आई कुजबुजली, “गो... हा माझा आवाज हाय. ओ देऊ नको.”

श्वेतानं तळहातानं तोंड गच्च दाबलं. दात हातात रुतले.

रॅकच्या फटीतून दार दिसत होतं. दुधी काचेमागे दुपारचं पांढरं ऊन, आणि त्यात उभ्या आकृतीचा नुसता धूसर डाग. एकच गोष्ट स्पष्ट होती, कारण ती काचेला चिकटलेली होती. एक कान. पाळीसकट चपटा झालेला, ओला.

ऐकत होता.

माणूस असेल तर दुसरी हाक मारील, श्वेता स्वतःला सांगत होती. सदानंदसर परत आले असतील. कोणी बाई पाणी मागायला आली असेल. मार ना दुसरी! तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते भीतीचं कमी, रागाचं जास्त होतं. बाबांनी ओ द्यायला शिकवलं. आईनं वर्षभर गिळून ठेवलं. सर टोपी घालून गेले. एका माणसानं, एकानं जरी तोंड उघडलं असतं! फोन खाली ठेवून तिनं तो हात पुन्हा मागे घातला. बोटांना बटणाची नुसती कड लागली. तिनं श्वास धरला. दुसरी हाक येईना. ती येणारच नव्हती. दुसरी हाक मारायची गरज कोणाला पडते? ज्याला पहिलीला ओ मिळाली नाही त्याला.

टेबलावरच्या भोंग्यानं तिच्या वतीनं तत्परतेनं टुंक केलं.

काचेवरचा कान सुटला. दाराची मूठ सावकाश खाली गेली.